हात माझे, नमस्कार त्यांचा



गेल्या आठवड्यात स्वाध्याय संपल्यावर एका मैत्रिणीने मला मंदिराच्या ओट्यावर थांबवले. तिच्या धाकट्या सुनेने माहेरून अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण आणले आहेत. "देवघरात ठेवू की नको गं? ठेवले तर मिथ्यात्वाचा दोष, नाही ठेवले तर घरात रुसवा." मी तिला "सवडीने बोलू" म्हटले आणि घरी आले. उभ्या उभ्या देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते. पण 2019 च्या महापुरात आमच्या घरी जे घडले, ते तिला सांगावेसे वाटले. तिच्यासारख्या आणखीही काहीजणी असतील, म्हणून इथेच लिहिते.

आमची सून देशस्थ ब्राह्मणांची. लग्नात गौरीहराशी पुजलेली अन्नपूर्णा घेऊनच ती आली. मुलगा-सून पुण्याला असतात. तिथे तिची अन्नपूर्णा आणि मुलाची पार्श्वनाथांची तसबीर एकाच फळीवर आहेत. मी त्यात कधी नाक खुपसले नाही. पुणे लांब आहे, ही माझी सोय होती.

सुनेचे वडील, म्हणजे आमचे व्याही, सांगलीतच गावभागात राहतात. विहीणबाई जाऊन बरीच वर्षे झाली. त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णेला पाणी चढायला लागले. आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी, त्या खेपेला पाणी 57 फुटांच्या वर गेले. गावभागात पाणी शिरणार हे दिसल्यावर आमचे हे त्यांना घ्यायला गेले. आमच्या भागात पाणी आले नव्हते. व्याही आले ते एका हातात औषधांची पिशवी आणि दुसऱ्या हातात तांब्याचा एक लहान डबा घेऊन. कपड्यांची बॅग गडबडीत घरीच राहिली होती. डबा मात्र त्यांनी छातीशी धरला होता.

डब्यात त्यांचे पंचायतन होते.

माझ्या सासूबाई तेव्हा 86 वर्षांच्या. कमरेत वाकलेल्या, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. रत्नकरंड श्रावकाचार त्यांना तोंडपाठ. त्यांच्या माहेरी त्यांच्या आजोबांनी घरातले सगळे ग्रामदेव, टाक एका दिवशी कृष्णेत सोडले होते. आचार्य शांतिसागर महाराजांचा आपल्या भागातल्या श्रावकांना तसा उपदेशच होता. जिनदेवाखेरीज इतर देवदेव घरातून सोडा, असा त्यांचा आग्रह असे. अशा घरात वाढलेल्या बाईसमोर व्याह्यांनी डबा उघडून विचारले, "आई, यांना कुठं ठेवू?"

आम्ही सगळे गप्प. सासूबाई थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "देवघरात नाही. पण जमिनीवरही नको. पूर्वेच्या खिडकीपाशी पाट मांडा."

मी पाट मांडला, त्यावर धुतलेले पांढरे कापड घातले. व्याह्यांनी ताम्हनात एकेक देव मांडला आणि मांडता मांडता मला सांगत गेले. मध्ये गणपती, तो शोण नदीतला तांबडा दगड. ईशान्येला विष्णू, म्हणजे गंडकीतला काळा शाळिग्राम. आग्नेयेला शंकर, तो नर्मदेतला बाण. नैर्ऋत्येला सूर्य, स्फटिकाचा. वायव्येला देवी, सोनेरी झाक असलेला दगड. एकालाही नाक-डोळे नाहीत. पाच गुळगुळीत खडे, एका ओंजळीत मावतील एवढे.

मी विचारले, "गणपतीच मध्ये का?"

"आमच्या घरचा इष्टदेव तो. कुणाच्या घरी विष्णू मध्ये असतो, कुणाच्या घरी शंकर. मध्ये कोण, त्यावर बाकीच्यांच्या जागा बदलतात. पण ताम्हनातून कुणाला काढत नाहीत."

शैव वेगळे, वैष्णव वेगळे, देवीवाले वेगळे, आणि त्यांच्यातही वाद होते, हे मला ऐकून माहीत होते. पंढरपूरच्या नरहरी सोनारांची गोष्ट आपल्यालाही ठाऊक आहे. शिवभक्त असल्यामुळे विठ्ठलाचे तोंड बघणार नाही म्हणून ते डोळे बांधून करगोट्याचे माप घ्यायला गेले आणि हाताला मात्र शंकर लागला. असे वाद असलेले पाच देव एका ताम्हनात रोज एकाच वेळी आंघोळ करतात, हे मला नवीन होते. आद्य शंकराचार्यांनी ही पूजा रूढ केली असे त्यांच्यात मानतात. मग व्याही हसून म्हणाले, "वहिनी, तुम्ही गणपती मंदिरात किती वेळा गेला असाल. तिथं काय आहे?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी बांधलेले आपल्या सांगलीचे गणपती मंदिर. मध्ये गणपती आणि आवारात सूर्य, शंकर, देवी आणि लक्ष्मीनारायण यांची चार मंदिरे. जन्मभर बाहेरगावच्या पाहुण्यांना ते दाखवत आले, पण ते दगडी पंचायतन आहे हे कधी ध्यानात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी श्रावण शुद्ध सप्तमी होती. पार्श्वनाथ भगवानांचे मोक्षकल्याणक. जवळच्या मंदिरात निर्वाण लाडू चढवला. बाहेर पाऊस थांबत नव्हता आणि आत पुजारी कमठाच्या उपसर्गाची कथा सांगत होते. भगवान ध्यानात उभे, कमठाच्या जीवाने वैराने मुसळधार पाऊस पाडला, धरणेंद्राने फणा धरला, पद्मावतीने छत्र धरले. दर वर्षी ऐकलेली कथा, पण त्या दिवशी अंगावर काटा आला. मी हात जोडले आणि मनात म्हटले, 'देवा, पाणी आमच्या गल्लीत येऊ देऊ नको.' हे वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

पुढच्याच दिवशी व्याह्यांना ताप भरला. पुराच्या पाण्यातून येताना पायाला काही लागले होते, ते चिघळले. डॉक्टर म्हणाले, चार-पाच दिवस दवाखान्यात ठेवावे लागेल. सांगलीकडे येणारे रस्ते बंद, सून पुण्यात अडकलेली, फोनवर नुसती रडत होती. आमचे हे सकाळी सातला पूरग्रस्तांच्या जेवणाच्या कामाला जात ते रात्री येत. घरात मी आणि सासूबाई. आणि खिडकीपाशी ते पाच देव.

दवाखान्यात सलाइन लावलेल्या हाताने व्याह्यांनी मला जवळ बोलावले. "वहिनी, पूजा नाही सांगत. रोज फक्त पाणी घाला त्यांना. वडील गेले त्या दिवसापासून एकदाही चुकलेलं नाही. शाळिग्रामाला बायकांनी हात लावू नये म्हणायचे आमच्याकडे. ते मी आज मोडतो. पाणी घाला, तुळशीचं पान ठेवा आणि नमस्कार करा, बस्स."

पाणी घालीन, पान ठेवीन. पण नमस्कार?

मैत्रिणींनो, आजारी माणसाला 'हो' म्हणून मोकळे होणे सोपे होते. तिकडे मी नमस्कार करते की नाही, हे बघायला ते थोडेच येणार होते? पण 'हो' म्हणून न करणे हे खोटे झाले असते. आणि खरेच करावा, तर वयाच्या आठव्या वर्षी महाराजांसमोर घेतलेला नियम आड येत होता. मी म्हटले, "भाऊसाहेब, बाकी सगळं मनापासून करीन. नमस्कार मात्र माझ्याच्यानं होणार नाही. माझा नियम आहे."

ते डोळे मिटून पडून राहिले. मला वाटले, दुखावले. मग म्हणाले, "नमस्कार माझा आहेच की. तो मी इथनं करतो. तुम्ही नुसते हात द्या."

अशी ती पाच दिवसांची पूजा सुरू झाली. हात माझे आणि नमस्कार त्यांचा.

मी एका वहीत रकाने आखले. गणपतीला दुर्वा चालतात, तुळस नाही. विष्णूला तुळस हवी, अक्षता नाहीत. शंकराला बेल. देवीला दुर्वा नाहीत, सूर्याला बेल नाही. सुनेने फोनवर एकेक सांगितले आणि मी लिहून घेतले. पुरात फुले, दुर्वा, बेल कुठून मिळणार? कुंडीतली तुळस तेवढी होती. बाकीच्या चौघांना नुसते पाणी. पाण्याचीही पंचाईतच. चहूकडे पूर आणि नळाला थेंब नाही. टँकरचे पाणी भरून ठेवलेले. मी त्यातला एक तांब्या काढून ठेवायची.

पहिल्या दिवशी ताम्हन घेऊन बसले, तो सासूबाईंचा आवाज आला, "पाणी गाळून घेतलंस का?"

म्हटले, "हो आई."

"मग घाल."

मला हसू आले. परक्यांच्या देवांना घालायचे झाले, तरी त्या पाण्यात जीव जायला नकोत! दिवा लावायचा तर त्यावर काचेची चिमणी, पावसाळ्यात किडे झेपावतात म्हणून. ते पाच खडे त्या दिवसांत अगदी जैन पद्धतीने नांदले.

सोमवारी एक पेच आला. श्रावणी सोमवार. व्याह्यांनी दवाखान्यातून निरोप दिला की आज बाणाला पंचामृत असते, जमले तर घाला. पंचामृत म्हणजे दूध, दही, तूप, मध, साखर. मध आपल्या घरात येत नाही. मद्य, मांस, मधु यांचा त्याग म्हणजे श्रावकाची पहिली पायरी. व्याह्यांच्या डब्यात मधाची बोटाएवढी बाटली होती, ती मी तशीच मिटून ठेवली होती. मी फोन केला. ते लगेच म्हणाले, "गूळ घाला. देव माझा आहे, घर तुमचं आहे." मी गूळ किसून घातला. आंघोळीचे पाणी आणि ते पंचामृत तुळशीत ओतले, कोणाच्या पायाखाली येऊ दिले नाही. आपण गंधोदकाला जपतो, तसेच.

हे सगळे करताना मी मोठी उदार झाले, असे कुणाला वाटू नये. रात्री मला झोप नव्हती. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंडात स्पष्ट सांगितले आहे की भयाने, आशेने, स्नेहाने किंवा लोभाने सम्यग्दृष्टी जीवाने इतर देवांना प्रणाम आणि विनय करू नये. मी एकेक तपासले. भय? नव्हते. आशा, लोभ? मला त्या खड्यांकडून काही नको होते. पण स्नेह? स्नेह होता. सुनेवर होता, त्या एकट्या माणसावर होता. आणि नमस्कार केला नाही, तरी पांढऱ्या कापडावर मांडणे, गाळून पाणी घालणे, हा विनयच नाही का? बी. कॉम.ला शिकले होते की दुसऱ्याची ठेव वेगळी ठेवायची, आपल्या खात्यात मिसळायची नाही. मी ठेव सांभाळते आहे, असे स्वतःला समजावत होते. पण शास्त्राचा शब्द बोचत होता.

शेवटी मी सासूबाईंनाच विचारले. त्या जपमाळ ओढत होत्या. म्हटले, "आई, मी चुकते आहे का? स्नेहसुद्धा त्यात सांगितलाय ना?"

त्यांनी माळ थांबवली. "त्या दगडांकडं काही मागितलंस?"

"नाही."

"मग आपल्या भगवंताकडं?"

मी गप्प.

"सप्तमीला लाडू चढवताना काय पुटपुटत होतीस?"

पाणी आमच्या गल्लीत येऊ देऊ नको. माझे वाक्य मलाच ऐकू आले. आमच्या गल्लीत नको, म्हणजे गावभागात गेले तरी चालेल! ज्यांनी पाऊस पाडणाऱ्या कमठाकडे आणि फणा धरणाऱ्या धरणेंद्राकडे एकाच समतेने पाहिले, त्या वीतरागाला मी माझ्या गल्लीचा पहारेकरी नेमत होते. देवमूढता म्हणजे काय, तर वर मिळेल या आशेने रागद्वेष असलेल्या देवांची उपासना करणे. ही व्याख्या मी कितीदा वाचली होती. इतकी वर्षे माझी नजर 'कोणाची उपासना' या शब्दांवर होती. 'वराच्या आशेने' हे शब्द मी भरभर वाचून पुढे जात होते.

आणि पद्मावती मातेचे तर विचारूच नका. ती शासनदेवता. आपल्या बीसपंथी घरांत तिचा मान आहे, तेरापंथी तो देत नाहीत. पण ती पार्श्वनाथांची सेविका म्हणून बाजूला उभी आहे, मध्ये नाही. मी मात्र मुलाच्या बारावीपासून यांच्या बायपासपर्यंत दर शुक्रवारी तिच्यासमोर यादी ठेवत आले. पंचायतनात मध्ये कोण, हे त्या घराने ठरवलेले असते. माझ्या देवघरात मध्ये पार्श्वनाथ होते ते फळीवर. मनात मध्ये कोण होते, ते मला त्या रात्री कळले.

सासूबाई आणखी एक बोलल्या. आजोबांनी देव कृष्णेत सोडले त्या दिवशी त्यांची आजी परसात बसून रडली होती. "धर्म बरोबर होता. पण म्हातारीला कुणी विचारलं नाही. तिला वाटलं, घरातली माणसं गेली. म्हणून म्हटलं, त्यांचे देव जमिनीवर नको."

व्याही बरे होऊन आले. पूर ओसरल्यावर ते घरी गेले. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर गाळाची रेघ होती. आम्ही सगळ्यांनी मिळून घर धुतले. त्यांनी आधी कोनाडा धुतला आणि डबा उघडला. निघताना मी वही त्यांच्या हातात दिली. पाचही दिवस, किती वाजता, कोणाला काय वाहिले, सगळे लिहिलेले. नमस्काराचा रकाना मी कोरा ठेवला होता. त्यांनी खिशातले पेन काढून त्या रकान्यात पाच वेळा स्वतःची सही केली.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. शास्त्राचा निर्णय देण्याचा माझा अधिकार नाही, तो त्यागी-व्रतींना विचारावा. घरातली बाई म्हणून एवढेच सांगते. सुनेचे देव सुनेचे आहेत, तिला तिची वेगळी स्वच्छ जागा द्या. वीतरागाच्या बरोबरीने मांडायला नको आणि अडगळीतही नको. तुमचा नियम असेल तर तो तिला तोंडावर, गोड शब्दांत सांगा. लपवून काही करू नका, म्हणजे ना तिची फसवणूक होते ना नियमाची. मधाऐवजी गूळ, गाळलेले पाणी, दिव्याला काच, हे तिला प्रेमाने शिकवता येते. कांदा-लसणाचा प्रश्न येत नाही, त्यांच्या नैवेद्यातही तो नसतो. एक फरक मात्र ध्यानात असू द्या. आपण चढवलेले द्रव्य परत घेत नाही, ते निर्माल्य. त्यांच्याकडे नैवेद्य प्रसाद म्हणून वाटतात. सुनेने हातावर ठेवलेला प्रसाद घेता येत नसेल तर तेही आधीच सांगून ठेवा. ऐन वेळी हात मागे घेतला की मन मोडते.

आणि तिची अन्नपूर्णा कुठे ठेवायची याची चिंता करताना एकदा आपल्या देवघरासमोरही बसा आणि आपण रोज काय मागतो ते ऐका. मी अजून ऐकते आहे. मागणे सुटले, असे म्हणण्याची माझी हिंमत नाही. परवाच नातवाच्या परीक्षेचे ओठावर आले होते.

सासूबाईंना जाऊन आता तीन वर्षे झाली. व्याही आहेत, पाय अधूनमधून दुखतो. दर श्रावण सप्तमीला सकाळी त्यांचा फोन येतो. "वहिनी, लाडू चढवायला निघालात? माझा नमस्कार सांगा पार्श्वनाथांना."

मी सांगते.

जय जिनेंद्र.